मुंबई महानगरातली सुरुवातीची थंडी: नोव्हेंबर-डिसेंबरचा अंदाज स्वतः कसा बांधायचा

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, पनवेल, कल्याण-डोंबिवली ते थेट बदलापूर-कर्जत या पट्ट्यात थंडी कधी पडणार हे कळायला तापमानाचा आकडा उशिरा कामाला येतो. त्याआधी बघायचा तो वारा. समुद्राचं पाणी डिसेंबरातही २७-२८ अंशांवर असतं. त्यामुळे समुद्राकडून हवा येत राहिली तर रात्र गार होत नाही आणि जमिनीकडून आली तर होते. आता ती जमिनीवरची हवा राजस्थान-गुजरातेतून उतरलेली आहे की दख्खनच्या पठारावरून सह्याद्री ओलांडून आलेली, यावर बाकीचं ठरतं.

डिसेंबर २०२४ ची सुरुवात याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचं उरलेलं क्षेत्र दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरलं, तसे मुंबईवर पूर्व-आग्नेयेचे वारे आले. ४ डिसेंबरला सांताक्रूझला कमाल तापमान ३७.३ अंश नोंदलं गेलं. डिसेंबरातला इतका गरम दिवस २००८ नंतर आला नव्हता. मग ते क्षेत्र विरलं, उत्तरेचे वारे मोकळे झाले आणि ९ डिसेंबरला त्याच वेधशाळेत किमान तापमान १३.७ अंशांवर आलं. २४ डिसेंबर २०१५ च्या ११.४ अंशांनंतर डिसेंबरात पारा एवढा खाली गेला नव्हता. पाच दिवसांत उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही! महिन्याच्या सरासरीवरून हे कुणालाच दिसलं नसतं, वाऱ्याच्या नकाशावर मात्र दोन्ही गोष्टी आदल्या दोन-तीन दिवसांत दिसत होत्या.

पायरी १: आपला पट्टा ओळखा

बातमीत ‘मुंबईचं तापमान’ म्हणून येतो तो आकडा बहुतेक वेळा सांताक्रूझ वेधशाळेचा असतो. कुलाब्याची दुसरी वेधशाळा तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या टोकावर आहे. थंडीच्या स्वच्छ रात्री कुलाब्याचं किमान तापमान सांताक्रूझपेक्षा साधारण ३-४ अंशांनी जास्त राहतं. म्हणून सांताक्रूझचे १५ अंश वाचून गिरगाव किंवा कफ परेडला स्वेटर शोधण्यात अर्थ नाही.

पूर्वेकडे गेलं की फरक उलटा होतो. समुद्रापासून ४०-५० किलोमीटर आत, उल्हास नदीच्या खोऱ्यात, बदलापूर-कर्जतकडे स्वच्छ रात्री पारा सांताक्रूझच्याही २ ते ४ अंश खाली असतो. आरे आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शहराच्या मधोमध असूनही आजूबाजूच्या वस्तीपेक्षा गार राहतात, कारण तिथे काँक्रीट कमी आहे आणि जमीन उष्णता लवकर सोडते. नवी मुंबईत खाडीलगतचे सेक्टर आणि खारघर-तळोज्याकडचा डोंगराखालचा भाग यांच्यातही असाच फरक पडतो. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचावर आहे म्हणून तिथे सगळ्यात जास्त थंडी असणार असं वाटतं. पण वारा पडलेल्या रात्री गार, जड हवा दरीत जाऊन साठते आणि पायथ्याचं कर्जत माथेरानपेक्षा गार निघतं. सहलीला जाताना हे उपयोगी पडतं. पहाटेची खरी हुडहुडी हवी असेल तर मुक्काम पायथ्याशी करा.

हे फरक फक्त निरभ्र, शांत रात्रीसाठी आहेत. ढग असले किंवा जोराचा वारा असला तर सगळा प्रदेश एक-दोन अंशांच्या आत येतो. म्हणून आपल्या घरचा फरक काढताना आठ-दहा निरभ्र रात्रींच्या नोंदी घ्या, प्रत्येक दिवशी त्यातून सांताक्रूझचं किमान तापमान वजा करा आणि त्या उत्तरांची सरासरी काढा. ढगाळ रात्री यात मिसळल्या की हा आकडा निरुपयोगी होतो.

नोंदीसाठी कमाल-किमान दाखवणारा साधा डिजिटल तापमापक पुरतो. तो सावलीत हवा, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा, भिंतीपासून निदान एक फूट सुटा हवा, आणि एसीचं बाहेरचं युनिट, गीझरचा धूर किंवा पत्र्याचं छत जवळ नको. बंदिस्त गॅलरीत टांगलेला तापमापक पहाटे सहज ३ अंश जास्त दाखवतो, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडत असते. वरच्या मजल्यावरचा आकडाही खालच्या मोकळ्या मैदानापेक्षा जास्त येतो. आकडा चुकीचा आला तरी हरकत नाही, जागा मात्र मोसमभर बदलू नका.

पायरी २: ‘नेहमीचं’ म्हणजे किती, हे पाठ करा

नोव्हेंबरात सांताक्रूझचं सरासरी कमाल ३३-३४ आणि किमान २०-२१ अंशांच्या आसपास असतं. डिसेंबरात कमाल ३२ आणि किमान १८ च्या जवळ येतं. म्हणजे नोव्हेंबरातली ३४ अंशांची दुपार ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, ‘थंडी गायब’ अशी बातमी करण्यासारखं त्यात काही नाही. मोसमी पावसाच्या माघारीची मुंबईसाठीची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तिथून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ऑक्टोबर हीटचीच शेपटी चालते. रात्रीचा पहिला ठळक उतार साधारण दुसऱ्या पंधरवड्यात येतो, आणि बहुतेक वर्षी तो तीन-चार दिवसांचाच असतो. सलग टिकणारी थंडी डिसेंबरच्या मध्यानंतर.

टोकाचे आकडेही माहीत असावेत. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. एखादं अ‍ॅप वांद्र्याला डिसेंबरात ८ अंश दाखवायला लागलं तर आधी अ‍ॅपवर शंका घ्या.

पायरी ३: लांबच्या अंदाजातून जेवढं मिळतं तेवढंच घ्या

भारतीय हवामान विभाग नोव्हेंबरच्या अखेरीस डिसेंबर ते फेब्रुवारीचा मोसमी अंदाज देतो आणि दर महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचा. त्यात ‘किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’ असं असतं. ही शक्यता तीन गटांत वाटलेली असते: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा जास्त. नकाशावरचा रंग त्यातल्या कोणत्या गटाकडे झुकाव आहे एवढंच सांगतो. सरासरीपेक्षा गरम महिन्यातही १३-१४ अंशांच्या चार रात्री बसू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन्ही टोकं दिसली, ती मासिक सरासरीत एकमेकांना खाऊन टाकतात.

प्रशांत महासागरात ला निना असेल, म्हणजे विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड असेल, तर उत्तर भारतात थंडी जास्त, असं सरसकट म्हटलं जातं. उत्तरेसाठी त्यात तथ्य आहे. मुंबईपर्यंत येईतो मात्र तो परिणाम पातळ होतो, कारण इथे थंडी पोचण्यासाठी वाऱ्याला हजारभर किलोमीटर अडथळ्याविना यावं लागतं, आणि वाटेत अरबी समुद्रातलं एखादं कमी दाबाचं क्षेत्र सगळं विस्कटून टाकू शकतं. तेव्हा ला निनाची बातमी वाचून गोधड्या काढू नका.

यापेक्षा कामाचा आहे तो हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज. त्यातला पहिला आठवडा भरवशाचा, दुसरा दिशादर्शक, तिसरा-चौथा फक्त वाचून सोडून देण्यासारखा. लग्नाचा उघड्यावरचा मांडव, शाळेची सहल, पोपटीचा बेत असलं काही दोन आठवडे आधी ठरवायचं असेल तर हाच पाहावा, आणि नक्की करण्याआधी पुढच्या गुरुवारी पुन्हा पाहावा.

पायरी ४: उत्तरेकडून खाली येणारी साखळी धरा

थंडीचा अंदाज बांधण्याचं मुख्य काम इथे आहे, आणि ते रोज दहा मिनिटांत होतं.

सुरुवात हिमालयापासून करा. पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारा वादळी पट्टा) काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतो. तो येत असताना त्याच्या पुढ्यात दक्षिणेचे वारे असतात, त्यामुळे त्या दिवसांत राजस्थान-गुजरातेत उलट रात्री किंचित उबदार होतात. तो पूर्वेकडे सरकला की मागे हवेचा दाब वाढतो आणि कोरडी गार हवा दक्षिणेकडे सुटते. मनालीत बर्फ पडतोय म्हणजे उद्या मुंबईत थंडी, असं होत नाही. झंझावात निघून गेल्यावर दोन ते चार दिवसांनी इथे परिणाम दिसतो, तोही झंझावात जोरदार असेल तर.

मग वाऱ्याचा नकाशा उघडा. विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये उंची बदलता येते. जमिनीलगतचा वारा शहरातल्या इमारती आणि समुद्रामुळे फसवा असतो, म्हणून ८५० हेक्टोपास्कलची, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीची पातळी निवडा. जोडीला ९२५ ची, म्हणजे पाऊण किलोमीटरची. गुजरातपासून उत्तर कोकणापर्यंत दोन्ही पातळ्यांवर उत्तर किंवा ईशान्येचा वारा सलग १५ नॉट किंवा त्याहून जास्त दिसला आणि तो निदान ३६ तास टिकणार असेल, तर पारा उतरणार हे धरून चाला. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. दिशेबाबत एक चूक फार जण करतात: ‘उत्तरेचा वारा’ म्हणजे उत्तरेकडून येणारा, तर नकाशावरचा बाण तो जातोय तिकडे तोंड करून असतो.

युरोपीय मॉडेल आणि अमेरिकी जीएफएस ही दोन्ही संगणकी अंदाज-मॉडेलं पाहा. दोघांचं जमत असेल तर पाच-सहा दिवसांपर्यंत विश्वास ठेवायला हरकत नाही. जमत नसेल तर जे मॉडेल अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र दाखवतंय त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. ते खरं ठरलं तर तुमचा सगळा अंदाज उलटतो.

शेवटी जमिनीवरचा पुरावा. आधी राजस्थान आणि उत्तर गुजरात, मग जळगाव-धुळे आणि नाशिक-निफाड. निफाडचा द्राक्षपट्टा १० अंशांच्या खाली गेला आणि वारा उत्तर-ईशान्येचाच आहे, तर त्याच रात्री किंवा पुढच्या एक-दोन रात्रींत बदलापूर-कर्जतला आणि मग सांताक्रूझला उतार दिसतो. किनाऱ्यावर डहाणूचा आकडा बघा. डहाणू उतरलं नाही आणि फक्त निफाड उतरलं, तर थंडी घाटावरच अडकलीय असं समजा. असं तेव्हा होतं जेव्हा वरच्या पातळीवर वारा पूर्वेचा असतो. घाट उतरताना हवा दाबली जाऊन तापते, आणि नाशिकला ९ अंश असताना ठाण्यात १९ राहतात.

थंडीची ही लहर साधारण तीन ते पाच दिवस टिकते. पुढे मध्य भारतावरचा जास्त दाबाचा पट्टा पूर्वेला सरकतो, आपल्याकडचा वारा ईशान्येचा पूर्व आणि मग आग्नेय होतो, आणि बंगालच्या उपसागरातला दमटपणा ढगांच्या रूपाने येऊ लागतो. वारा आग्नेयेला वळलेला दिसला की पुढच्या दोन रात्रींत किमान तापमान ३-४ अंशांनी वर जाणार.

पायरी ५: आज रात्री किती, हे काढा

यासाठी दवबिंदू लागतो. हवा ज्या तापमानाला संपृक्त होऊन दव पडू लागतं तो दवबिंदू. रात्री पारा घसरत घसरत दवबिंदूजवळ आला की दव पडू लागतं, त्यातून उष्णता सुटते आणि घसरण मंदावते. म्हणून किमान तापमान सहसा दवबिंदूच्या फार खाली जात नाही. ३० अंश तापमान असताना आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २१, ५० टक्के असेल तर १८, ४० टक्के असेल तर १५ आणि ३० टक्के असेल तर साडेदहा अंश येतो.

पण किनाऱ्यावर संध्याकाळी साडेपाचचा दवबिंदू घेऊन रात्रीचा हिशोब केला तर तो चुकतो. त्या वेळी खारा वारा चालू असतो, म्हणजे मोजलेली ओल समुद्राची असते. रात्री मतलई वारा सुरू झाला की ती हवा बाजूला होऊन आतली कोरडी हवा येते. तेव्हा दोनपैकी एक करा: संध्याकाळचाच आकडा हवा असेल तर कल्याण-बदलापूरकडचा घ्या, किंवा रात्री दहा-अकरापर्यंत थांबून, वारा उलटल्यावर, मुंबई विमानतळाची ताजी हवामान-नोंद (मेटार) बघा. ही नोंद दर अर्ध्या तासाला निघते. तिच्यात ०५००४ असा पाच आकड्यांचा गट वाऱ्याचा असतो. पहिले तीन आकडे दिशा, म्हणजे ५० अंश, ईशान्य. शेवटचे दोन वेग, ४ नॉट. पुढे १९/१३ असा गट येतो तो तापमान आणि दवबिंदूचा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे.

रात्री अकराला आकाश निरभ्र, वारा ईशान्येचा ३ ते ६ नॉट आणि दवबिंदू १३ च्या खाली असेल, तर सांताक्रूझला पहाटे १५-१६ अंश ही माफक अपेक्षा ठेवा. वारा पूर्ण पडला तर आतल्या भागात आणखी खाली, पण किनाऱ्यावर तेवढं नाही, कारण मतलई वारा पडला की समुद्रालगतची उबदार हवा सरकतच नाही. वर पातळ ढगांचा थर आला तर दोन अंश मिळवा, दाट ढग आले तर चार. सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री येत नाही, सूर्योदयाच्या सुमारास येतं. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो आणि रात्र जवळजवळ तेरा तासांची असते.

पायरी ६: दुपारसाठी घड्याळ बघा

दुपारचं कमाल तापमान खारा वारा किती वाजता येतो त्यावर ठरतं. तो बारा-साडेबाराला आला तर पारा ३१-३२ वर अडकतो. दोन-अडीचपर्यंत रेंगाळला तर ३५-३६ सहज. उशीर होतो तो पूर्वेच्या वाऱ्यामुळे. ९२५ हेक्टोपास्कलच्या पातळीवर सकाळी पूर्वेचा वारा १२-१५ नॉटच्या वर असेल तर समुद्राच्या हवेला आत शिरायला वाव मिळत नाही.

सकाळी अकराला पुन्हा विमानतळाची नोंद बघा. दिशा ३०० ते ३५० अंशांत, म्हणजे वायव्येकडे वळायला लागली असेल तर दुपार सुसह्य. अजूनही ६० ते १२० अंशांत असेल तर पाण्याची बाटली बरोबर घ्या. उत्तरेचा वारा अगदी जोरात असेल तर दुपारही तापत नाही, कमाल २८-२९ वर राहतं. दिवसा ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं ते हेच मोजके दिवस.

किमान १६ आणि कमाल ३४ असा अठरा अंशांचा फरक डिसेंबरात नवलाचा नाही. सकाळच्या शाळेच्या मुलांना जाड स्वेटर घालून पाठवलं तर दुपारी ते घामाने भिजून घरी येतात. दोन पातळ थर जास्त सोयीचे.

पायरी ७: पावसाची शक्यता वेगळी तपासा

नोव्हेंबर-डिसेंबरात इथे सरासरी पाऊस नगण्य असतो. पण येतो तेव्हा नुकसान करून जातो, कारण कुणी तयारीत नसतं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ अलिबाग-मुंबई दरम्यान किनाऱ्यावर आलं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी सुरतेकडे विरत जाताना मुंबईत पाऊस देऊन गेलं, ५ डिसेंबरला शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कला आलेल्या लोकांचे हाल झाले. १ डिसेंबर २०२१ लाही शहर दिवसभर भिजलं, आणि तेव्हा तर चक्रीवादळही नव्हतं. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आणि उत्तरेचा पश्चिमी झंझावात यांची गाठ पडली एवढंच. वादळाला नाव मिळालेलं नाही म्हणून निश्चिंत राहणं चूक आहे.

रोज एकदा हवामान विभागाचं उत्तर हिंदी महासागरासाठीचं पत्रक वाचा. वारा ताशी ६२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त झाल्यावरच प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात, त्याखाली तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आणि कमी दाबाचं क्षेत्र. कोमोरिन (कन्याकुमारी)-मालदीवकडून लक्षद्वीपकडे येणाऱ्या क्षेत्रावर लक्ष ठेवा. ते पश्चिमेला ओमानकडे गेलं तर आपल्याला फक्त ढग आणि उकाडा. १५-१६ अंश अक्षांशाच्या वर येऊन उत्तर-ईशान्येला वळू लागलं तर दोन-तीन दिवसांत पाऊस. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बंदर परिसरातच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे. मच्छीमारांच्या इशाऱ्यातला ‘समुद्रात जाऊ नये’ हा मजकूर किनाऱ्यावर राहणाऱ्या बाकीच्यांनीही वाचावा, पावसाच्या इशाऱ्याआधी बऱ्याचदा तोच निघतो.

ज्यांचं पोट या दिवसांच्या कोरड्या हवेवर आहे त्यांनी ४८ तास आधी हालचाल करावी. भिवंडी-शहापूर-कर्जतकडच्या वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा एका सरीत माती होतात. रचलेल्या विटा ताडपत्रीने झाका, आणि भोवती पाणी काढून देणारा चर खणा, कारण खालचा थर वरून कधीच भिजत नाही, बाजूने येणाऱ्या पाण्याने विरघळतो. वर्सोवा, मढ, वसईला वाळत घातलेले बोंबील अर्धवट वाळलेले असताना भिजले तर त्यांना वास धरतो आणि भाव पडतो, तेव्हा नवीन माल वाळत घालणं थांबवा. झोडणी न झालेलं भात आणि पेंढा उंचवट्यावर हलवा. आंब्याला मोहोर यायला गार, कोरड्या रात्री सलग लागतात. पाऊस झाला तर झाड मोहोराऐवजी पालवी काढतं, आणि आधीच आलेल्या मोहोरावर ढगाळ हवेत तुडतुडे आणि करपा येतो. फवारणी पावसाच्या आदल्या दिवशी करून औषध धुवून घालवू नका.

पायरी ८: थंडीबरोबर येणारी वाईट हवा

थंड सकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. जड असल्याने ती वर उठत नाही, आणि धूळ-धूर तिच्यातच राहतात. त्यात मतलई वारा मंद, त्यामुळे माहुल-चेंबूरपासून गोवंडी-देवनार, बीकेसी, मालाड, भिवंडीपर्यंत सकाळी धुरकं बसतं. सलग तिसऱ्या ला निनाच्या २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे बरेच दिवस टिकलं होतं.

अंदाजासाठी दोन आकडे गुणा: हवा मिसळण्याची उंची (जमिनीपासून जिथवर हवा वरखाली मिसळते ती) मीटरमध्ये आणि वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात. उंची ६०० मीटर, वेग ३ असेल तर गुणाकार १,८०० येतो. १,५०० मीटर आणि ५ असेल तर ७,५००. गुणाकार ६,००० च्या खाली आणि वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर प्रदूषण पांगत नाही असं समजलं जातं.

हवा गुणवत्ता निर्देशांकात २०१ ते ३०० ‘वाईट’ आणि ३०१ ते ४०० ‘अतिवाईट’. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं दुपारी चारचं पत्रक चोवीस तासांची सरासरी सांगतं, त्यावरून सकाळी सहाच्या फेरफटक्याचा निर्णय घेता येत नाही. त्यासाठी जवळच्या केंद्राचा त्या तासाचा पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा बघा. ६० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर धावणं टाळा, ९० च्या वर असेल तर दमा-हृदयविकार असलेल्यांनी बाहेर पडताना एन-९५ मास्क लावावा. कापडी रुमालाचा यात उपयोग नाही. हवा सगळ्यात बरी असते ती खारा वारा आल्यावर, दुपारी दोन ते पाच. पहाटेची हवा स्वच्छ असते हा समज मुंबईच्या डिसेंबरात सोडून द्यावा.

धुकं आणि लोकल

दाट धुकं मुंबई बेटावर विरळाच. कल्याणच्या पुढे, टिटवाळा-आसनगाव-कसारा आणि बदलापूर-कर्जत या दोन्ही मार्गांवर मात्र ते पडतं, आणि सकाळच्या लोकल रखडतात. चार गोष्टी जुळाव्या लागतात: निरभ्र आकाश, ताशी ५ किलोमीटरच्या आतला वारा, जमिनीत ओल, आणि रात्री तापमान-दवबिंदूतला फरक २ अंशांच्या आत. अवकाळी पावसानंतर आकाश मोकळं झालेली पहिली रात्र यासाठी सगळ्यात अनुकूल. त्या पहाटे एक लोकल आधी पकडा. कसारा आणि बोरघाटात गाडी चालवायची असेल तर सूर्य वर येईपर्यंत, म्हणजे साडेआठ-नऊपर्यंत थांबलेलं बरं.

आकडे वाचताना होणाऱ्या चुका

किनारपट्टीच्या केंद्रांसाठी थंडीच्या लाटेचा निकष वेगळा आहे. किमान तापमान १५ अंश किंवा कमी हवं आणि शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली हवं. नुसते १५ अंश म्हणजे लाट नाही. उष्णतेच्या लाटेसाठी किनाऱ्याचा निकष कमाल ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असा आहे.

हवामान विभागाचं किमान तापमान सकाळी साडेआठला आणि कमाल संध्याकाळी साडेपाचला नोंदलं जातं. सकाळच्या पेपरातलं कमाल तापमान त्यामुळे कालचं असतं. खासगी स्वयंचलित केंद्रांचे आकडे समाजमाध्यमांवर आधी फिरतात, पण कुणाचा संवेदक गच्चीवर असतो, कुणाचा शेतात. बदलापूरच्या खासगी केंद्राचा आकडा सांताक्रूझच्या तीस वर्षांच्या सरासरीशी ताडून ‘विक्रमी थंडी’ म्हणणं चूक आहे. त्याच केंद्राच्या मागच्या नोंदींशीच तुलना करा.

फोनमधलं हवामान अ‍ॅप अनेक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी देतं. कुलाबा, वरळी, वर्सोव्याचा चौकोन अर्धा समुद्रात जातो, म्हणून तिथली दुपार ते थंड दाखवतं. बदलापूरची पहाट ते उबदार दाखवतं, कारण दरीत साठलेली गार हवा त्या मॉडेलला दिसतच नाही. पायरी १ मध्ये काढलेला तुमचा फरक इथे उपयोगी पडतो: निरभ्र रात्री सांताक्रूझचा अंदाज घ्या, त्यात तो मिळवा, आणि ढग आले तर अर्धाच मिळवा.